विद्यार्थी पास, सर्व्हर नापास

१६ जुलै २०२१. कोरोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नव्हती. निकाल मात्र दुपारी एकला लागला. राज्याचा ९९.९५ टक्के. आपटली ती निकालाची संकेतस्थळं, तीही तासन्‌तास.

खरं तर इतका आगाऊ ठाऊक असलेला भार क्वचितच कुणाच्या नशिबी येतो. सुमारे १६ लाख विद्यार्थी, वेळ मंडळानेच जाहीर केलेली. त्यात मामा, काका, शेजारी मिळवा. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीपासून मुंबईपर्यंत साऱ्यांचं बोट एकाच मिनिटाला एकाच बटणावर!

अशा दिवसासाठीच लोड टेस्टिंग असतं. जेमीटरसारखं फुकट मिळणारं साधन हजारो खोटे विद्यार्थी उभे करून आधीच धडका मारून पाहतं. पण त्या वर्षी परीक्षेविना उत्तीर्ण करण्याचं धोरण होतं. सर्व्हरलाही त्याचा लाभ मिळाला असावा.

‘क्लाउडवर टाका, आपोआप वाढेल’ हा मंत्र बैठकीत गोड वाटतो. नवा सर्व्हर उभा राहायला मात्र बहुधा मिनिटं लागतात, गर्दी सेकंदात येते. शिवाय सर्व्हर दहा केले आणि मागे डेटाबेस एकच, तर दारातली रांग फक्त माजघरात सरकते. त्यात गुणपत्रिका काही शेअर बाजार नव्हे, दर मिनिटाला बदलायला. पानं आदल्या रात्रीच तयार करून ठेवली, तर डेटाबेसला उठवावंही लागत नाही.