मे महिन्याचा पगार

इंदूरजवळच्या राऊच्या आसपास हल्ली शाळा उभ्या राहतात त्या ऐसपैस मैदानासकट. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना आधी तरणतलाव दाखवतात, मग फुटबॉलचं मैदान. गोलपोस्टला नवी जाळी, कडेला बाकं, सगळं झकास. पण त्या मैदानावर आपल्या मुलाला शिकवणार कोण, हे कुणी विचारत नाही आणि शाळाही आपणहून सांगत नाही.

माझ्या ओळखीचा एक तरुण अशाच एका शाळेत तासावर फुटबॉल शिकवतो. संध्याकाळी एका अकादमीत जातो, तिथे डोक्यामागे ठरलेले पैसे. मोटारसायकलच्या मागे जाळीत बांधलेले चेंडू त्याच्या पदरचे. एका संध्याकाळी त्याचा तास पाहिला. सात-आठ वर्षांची पोरं, चौघं चार कोपऱ्यांत, एक मध्ये चेंडू हिसकावायला. एक मुलगा खाली मान घालून चेंडू घेऊन थेट मधल्यावर जाऊन आदळत होता. कुंपणापलीकडून त्याचे वडील ओरडत होते, “मार, जोर से मार!” सरांनी शिटी फुंकली. “सब रुको. अब देख के बता, खाली जगह किधर है?” मुलाने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, बोट दाखवलं. हे तीनदा झालं. चौथ्या खेपेला चेंडू पायाशी यायच्या आतच त्याने मान वळवून पाहून घेतलं होतं.

आठव्या वर्षी ही सवय लागली तर लागली. सोळाव्या वर्षी ती लावायला दुप्पट कष्ट पडतात आणि तरी ती कच्चीच राहते. म्हणजे सगळ्यात जाणता प्रशिक्षक सगळ्यात लहान मुलांपाशी हवा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. नवशिक्याला चिमुरड्यांवर सोडायचं, आणि तो जरा तयार झाला की मोठ्या मुलांकडे पाठवायचं, कारण पैसा तिथे आहे.

तयार होणं स्वस्त नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ई, डी, सी अशी लायसन्सची शिडी आहे. पुढे आशियाई महासंघाची बी, ए आणि शेवटी प्रो. प्रत्येक पायरीला कोर्सचं शुल्क, परगावी राहणं-खाणं, आणि तासावर काम करणाऱ्याचा तितक्या दिवसांचा बुडालेला रोजगार. शाळा यातला रुपयाही उचलत नाही. लायसन्स आलं की ते माहितीपत्रकात मात्र छापते. आणि मे-जूनमध्ये शाळा बंद, म्हणून सरांचा पगारही बंद. वर्षाचे दहाच महिने ज्याची चूल पेटते, त्याला मुलीकडचे लोक विचारतात, “बाकी नोकरी कुठे?” त्यांचं काय चुकलं?

हे इंदूरच्या परिसरात व्हावं, याचा मला राग येतो. क्रिकेटपटू सी. के. नायडू नागपूरचे, होळकरांनी त्यांना इंदूरला आणलं आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. कर्नल नायडूंमधलं ‘कर्नल’ तिथलंच. खेळाडूच्या घरचा प्रश्न मिटला तरच तो मैदानात जीव ओततो, हे त्या दरबाराला कळलं होतं. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्यामागे ती पगाराची हमी होती.

याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, शहडोल जिल्ह्यात, बिचारपूर गाव आहे. एकेकाळी अवैध दारूसाठी बदनाम असलेलं. रईस अहमद या माजी राष्ट्रीय खेळाडूने तिथल्या पोरांना फारशा सोयी नसताना फुटबॉल शिकवायला घेतला, आणि आज लोक त्या गावाला ‘मिनी ब्राझील’ म्हणतात. जुलै २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला, तेव्हा देशाला ते कळलं. अशा माणसांचं कौतुक करावं तितकं थोडं. पण प्रत्येक गावाने आपल्या वाट्याला एक रईस अहमद येईल म्हणून वाट पाहत बसायचं का? राऊमध्ये पैसा आहे, मैदानं आहेत, टेकडीवर आयआयएम आहे. इथे त्यागाची अपेक्षा धरायला कुणाला तोंड नाही.

मुलांना शिकवण्यातच नाव कमावता येतं, हे गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांनी दाखवलं. त्यांच्या सोळा वर्षांखालच्या संघाने २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियाकडून फक्त एका गोलने हार पत्करली.

राऊच्या विशीतल्या पोरांना माझं सांगणं सरळ आहे. दोन कागद लागतात, एकावर भागत नाही. शाळेतल्या कायम जागेसाठी बीपीएड. त्यासाठी आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला, १९५७ पासूनची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे. क्लब आणि अकादमीसाठी लायसन्स. वय अठरा झालं की डी-लायसन्सला बसता येतं. सोबत प्रथमोपचार शिका आणि पंचगिरीही करा, त्यात नियम पक्के होतात आणि चार पैसेही सुटतात. आणि मोबदला तोंडी ठरवू नका, लिहून घ्या.

पालकांनो, यंदा शाळा बघायला जाल तेव्हा तरणतलावाशी थांबू नका. फुटबॉलच्या सरांना भेटायचंय म्हणून सांगा. सर आले की त्यांचं लायसन्स कोणतं ते विचारा. मग मुख्याध्यापकांकडे वळा आणि विचारा, यांना मे महिन्याचा पगार देता का?