अँड्रॉइडच्या घरची लफडी

ऐकलंत का? "कुणाला सांगू नका" वगैरे काही म्हणणार नाही, उलट चारचौघांत सांगाच. त्या अँड्रॉइडच्या घरात काय काय चालतं हे कळलं तर कानांवर हात ठेवाल. भरत आणलेले फॉर्म डोळ्यांदेखत कोरे होतात. औषधाची वेळ सांगायला ठेवलेलं ॲप स्वतःच झोपून जातं. बटणांवरच्या अक्षरांचे हातपाय तोडले जातात. आणि एवढं सगळं करून वर निलाजरेपणाने विचारतात, "आमचं ॲप आवडलं का? पाच स्टार द्या ना!" भलतंच बाई धाडस!

बरं, घराणं काही ऐरंगैरं नाही. 2003 मध्ये कॅलिफोर्नियात पालो अल्टोला जन्म, 2005 मध्ये गूगलने दत्तक घेतलं, 2008 च्या ऑक्टोबरात पहिला फोन बाजारात आला. आज आपल्याकडे शंभर स्मार्टफोनांतले नव्वदहून जास्त याच कुळातले. नावं ठेवली तीही कशी गोडगोड! कपकेक, डोनट, एक्लेअर, जेली बीन, किटकॅट, लॉलिपॉप, मार्शमॅलो. 2019 मध्ये एकदाचं गोड तोडलं आणि नुसता "अँड्रॉइड 10" असा आकडा लावला. डॉक्टरांनी सांगितलं असेल. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही गत काही सुटली नाही.

कारण उघड आहे. ॲपलचं दुकान म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, आणि अँड्रॉइडचं म्हणजे गावजेवण. पंगतीला कोणीही बसावं आणि वाढायलाही कोणीही उठावं. ॲपलकडे ॲप ठेवायचं तर दरवर्षी 99 डॉलर मोजा आणि त्यांच्या माणसांकडून तपासून घ्या. गूगलकडे 25 डॉलर, तेही आयुष्यात एकदा. माणसं बसवून ॲपं तपासून घेतो आहोत, हे गूगलने जाहीर केलं 2015 मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यावर सहा-सात वर्षांनी.

तोवर झालेल्या गमती ऐकाच. 2014 मध्ये "व्हायरस शील्ड" नावाचं एक ॲप आलं. किंमत 3.99 डॉलर. दहा हजारांहून जास्त लोकांनी ते पैसे मोजून घेतलं. काम काय करायचं? पडद्यावरच्या फुलीवर बोट ठेवलं की तिची बरोबरची खूण व्हायची. संपलं. व्हायरस शोधणं नाही, मारणं नाही, साधी विचारपूससुद्धा नाही! बोभाटा झाल्यावर बनवणारा म्हणाला की चुकून भलतीच आवृत्ती गेली. गूगलने लोकांना पैसे परत दिले आणि वर पाच डॉलरची खरेदी फुकट दिली. त्याच्या आदल्याच वर्षी एक टॉर्चचं ॲप पकडलं गेलं होतं. कोट्यवधी फोनांत बसलेलं हे ॲप, तुमचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना कळवत होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खोलात जाऊन पाहिलं तर आणखीच कहर. अटी मान्य आहेत की नाहीत हे तुम्ही ठरवायच्या आतच माहिती रवाना झालेली असायची. अहो, दिवा लावायचा होता, बाकी काही नको होतं!

पण लबाड ते लबाड, त्यांचं सोडा. खरी चर्चा करायची ती सभ्य घरच्या ॲपांची, जी फसवत नाहीत पण रोज छळतात.

एका बँकेच्या ॲपात शेजारच्या काकूंनी मुदत ठेवीचा फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, पिनकोड, पॅन नंबर, वारसाचं नाव, वारसाची जन्मतारीख. चष्मा वरखाली करत सगळं भरलं. मग ओटीपी आला. तो पाहायला काकू मेसेजात गेल्या, सहा आकडे तोंडाने घोकत परत आल्या, तर ॲप हसतमुखाने म्हणतं, "स्वागत आहे! भाषा निवडा." काकूंनी जी भाषा निवडली ती इथे छापता येणार नाही.

यात भानामती काही नाही. फोनची मेमरी अपुरी पडली की अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप बंद करतं. हा नियम ॲप बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो. जाण्यापूर्वी भरलेली माहिती जपून ठेवायची सोयही दिलेली आहे. पण ती वापरायची तर चार ओळी जास्त लिहाव्या लागतात ना! फोन आडवा झाला की तेच. अँड्रॉइड तो पडदा मोडून नव्याने उभारतं, आणि बनवणाऱ्याने आधी काळजी घेतली नसेल तर भरलेलं सगळं स्वाहा. म्हणजे सरळ बसून फॉर्म भरा, कुशीवर वळलात की दंड!

यावर ॲपवाल्यांचं गाऱ्हाणं तयार असतं. "अहो, फोन तरी किती प्रकारचे!" खरं आहे. 2015 मध्ये ओपनसिग्नल या कंपनीने मोजदाद केली तेव्हा अँड्रॉइडची 24,093 वेगवेगळी उपकरणं निघाली. कुणाचा पडदा लांबुडका, कुणाची मेमरी चिमूटभर, कुणाचं अँड्रॉइड चार वर्षं जुनं. त्यात काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायच्या नादात मागच्या मागे ॲपांचा गळा आवळतात. रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप त्यातच गारद होतं, आणि बिल मात्र आजोबांच्या विसराळूपणावर फाटतं.

पण म्हणून सगळं खपवून घ्यायचं? तपासणी होते कुठे, तर वातानुकूलित कचेरीत, दोन झुळझुळीत महागड्या फोनांवर. आठ-नऊ हजारांचा, अर्धी मेमरी शुभप्रभातच्या फुलांनी भरलेला, कोपऱ्यात काच तडकलेला फोन तिथे कुणाच्या हातात असतो? फेसबुकसारख्या फेसबुकात हीच तऱ्हा होती. कचेरीतले बरेचजण आयफोनवाले, त्यामुळे आपलं अँड्रॉइडचं ॲप किती रडतं हे त्यांना कळायचंच नाही. शेवटी 2012 मध्ये कंपनीने आपल्याच भिंतींवर पोस्टर चिकटवली की बाबांनो, अँड्रॉइड फोन वापरा! स्वयंपाक्याला जेवायला बसा म्हणून पोस्टरने विनवावं लागलं. काय म्हणावं आता?

त्याच वर्षी इन्स्टाग्रामने आणखी मजा केली. दीड वर्ष फक्त आयफोनवाल्यांच्या कौतुकात रमलेलं हे ॲप एप्रिल 2012 मध्ये अँड्रॉइडवर आलं. एका दिवसाच्या आत दहा लाख लोकांनी उतरवून घेतलं. आणि आयफोनवाल्यांपैकी काहींनी ट्विटरवर अशी नाकं मुरडली की आता कोणीही यायचं आणि आपल्या थाळीचा फोटो टाकायचा! जणू फोटोतल्या पोह्यांचा दर्जा फोनच्या किमतीवर ठरतो.

मालकाच्या घरी तरी टापटीप असेल म्हणाल, तर तेही ऐका. पडदा सरकताना अडखळतो म्हणून ओरड झाली, तेव्हा 2012 मध्ये गूगलने चक्क "प्रोजेक्ट बटर" काढला. सेकंदाला साठ चित्रं, लोण्यासारखं मऊ सरकणं. 2014 मध्ये "मटेरियल डिझाइन" ही आचारसंहिता आली. बटणाने कसं दिसावं, सावलीने कुठे पडावं, सगळं लिहून दिलं. उत्तम झालं. पण गप्पांच्या ॲपांचं काय? आधी टॉक, मग 2013 मध्ये हँगआउट्स, 2016 मध्ये ॲलो, आणि 2019 मध्ये ॲलोला टाळं. माणसाने नातेवाइकांना सांगायचं तरी काय, की या वर्षी कुठे भेटू? 2017 मध्ये तर गूगलच्या बर्गरच्या इमोजीत चीज पॅटीच्या खाली निघालं. जगभर एवढा गहजब झाला की खुद्द सुंदर पिचाईंनी हातातली कामं टाकून हेच बघतो म्हणून गमतीत जाहीर केलं. चीज वर गेलं. आपल्या अक्षरांची दाद मात्र कुणाकडे लागायची?

कारण मराठी ॲपांची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी. देवनागरीला वरून आणि खालून जागा लागते, इंग्रजीपेक्षा जास्त. बटणाची उंची इंग्रजी मापाने ठरवून वर मराठी अक्षरं कोंबली की कात्री चालते. "पूर्ण" लिहिलेलं असतं, वरचा रफार कापला जातो, खालचा ऊकार कापला जातो, आणि बटणावर उरतं "पण". पैसे भरून झाल्यावर समोर "पण झाले" आलं तर माणसाने निश्चिंत व्हावं की बँकेत धाव घ्यावी?

आता सोवळेवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. त्यांच्या दुकानात 2008 मध्ये "आय ॲम रिच" नावाचं ॲप होतं, किंमत 999.99 डॉलर, काम एकच, पडद्यावर लाल खडा चमकवणं. आठ गिऱ्हाइकं झाल्यावर ॲपलने ते उचलून बाहेर टाकलं. तपासणीच्या चाळणीतून खडाच आला म्हणायचा, तोही लाल! आणि एक हिशेब त्यांनी ध्यानात ठेवावा. बाहेरच्यांनी बनवलेला कळफलक बसवायची मुभा अँड्रॉइडवर 2009 पासून होती. आयफोनवर ती मिळायला 2014 उजाडलं. कुणा उत्साही माणसाला वाटलं, मराठीसाठी कळफलक करावा, तर अँड्रॉइडने त्याला कुठला उंबरठा अडवला नाही. आई-आजींनी व्हॉट्सॲपवर मराठीत लिहायला घेतलं त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.

तेव्हा दोष दार उघडं ठेवण्याला देऊ नका. त्या दाराने मराठी आत आली. तिचा रफार कापला तो उंची न मोजणाऱ्याने. काकूंचा फॉर्म गिळला तो चार ओळी न लिहिणाऱ्याने. "चालतंय की" म्हणून ॲप बाजारात सोडणारे आणि "फुकट आहे ना, मग चालायचंच" म्हणून सोसणारे, दोघांनी मिळून ही लफडी पोसली आहेत.

यापुढे प्रतिक्रिया लिहाल तेव्हा नुसतं "बकवास ॲप" लिहून मोकळे होऊ नका. फोन कोणता, अँड्रॉइड कितवं, कुठलं बटण दाबल्यावर काय झालं, एवढं लिहा आणि कापलेल्या अक्षराचा स्क्रीनशॉट त्यांच्या मदत विभागाला पाठवा. नेमक्या तक्रारीला "आमच्याकडे तर नीट चालतं" असं म्हणून वाटेला लावणं अवघड जातं. आणि ॲप बनवणाऱ्यांनो, एक आठवडा स्वस्तातला फोन घ्या, भाषा मराठी ठेवा आणि आपलंच ॲप वापरून दाखवा. जमलं तर पाच स्टार आम्ही न मागता देऊ.