चौकातल्या हायमास्ट दिव्यास खुले पत्र

चौकातल्या हायमास्टा,

तुला नमस्कार लिहायची इच्छा नाही, म्हणून थेट विषयाला येतो.

तुला उभा केला तो रस्त्यासाठी. रस्ता खाली असतो. तू मात्र सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत तोंड वर करून उभा आहेस आणि तुझा निम्माशिम्मा उजेड शिवारावरून आभाळात जातो. मध्यरात्रीनंतर दोन वाजता चौकात कुत्रंही नसतं, तेव्हा तू कुणाला वाट दाखवतोस? मृगातल्या तेजोमेघाला? तो साधारण 1,350 प्रकाशवर्षं दूर आहे. स्वतःच्या पोटातल्या कोवळ्या ताऱ्यांच्या जोरावर तो उजळतो. त्याला तुझी गरज नाही.

आमच्या अणदूरचं आभाळ म्हणजे काय, हे तुला माहीत असण्याची शक्यता नाही. हे गाव पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे. धनु राशीतला एम 8 तेजोमेघ इथे क्षितिजापासून 48 अंशांपर्यंत चढतो. लंडनमधून तो 14 अंशांच्या वर जात नाही. कॅरिना तेजोमेघ तर युरोपच्या मुख्य भूमीवरून दिसतच नाही. आमच्याकडे एप्रिलच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला 12 अंश वर येतो. लोक त्यासाठी विमानाची तिकिटं काढून दक्षिण गोलार्धात जातात. आम्हाला गच्चीवर जाणं पुरतं, किंवा पुरायचं. कारण त्या दक्षिणेला, नेमक्या त्या उंचीवर, आता तू असतोस.

तुझा गुन्हा आम्ही काढलेल्या आभाळाच्या फोटोंत कसा उमटतो ते सांगतो. तेजोमेघातला हायड्रोजन 656 नॅनोमीटरला तांबडा प्रकाश देतो, दोनदा आयनित झालेला ऑक्सिजन 501 नॅनोमीटरला निळसर हिरवा. धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचा प्रकाश निळा असतो. निसर्गाने रंग इतके नेमके दिले आहेत. कॅमेऱ्याची अडचण आधीच असते: सेन्सरवरच्या दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. साध्या डीएसएलआरमधला फिल्टर तर 656चा बराचसा तांबडा आतच येऊ देत नाही. म्हणजे मूळ फाइल हिरवट असणारच, आणि हे दुरुस्त करण्याची रीत ठरलेली आहे. मग त्यात तू येतोस. तुझा पांढराफटक प्रकाश सगळ्या रंगांत मिसळतो आणि चित्राच्या खालच्या कडेला दाट, वर विरळ असा पसरतो. एका कोपऱ्यात राखाडी-हिरवं, दुसऱ्यात निळसर, आणि मध्ये बिचारा मृगाचा तेजोमेघ, शेवाळलेला.

नवी पोरं इथेच चुकतात. ती व्हाइट बॅलन्सचा दांडा सरकवतात. हिरवं दिसतंय, मग हिरवं कमी कर. निळं दिसतंय, मग तांबडं वाढव. खंडोबाच्या यात्रेत अंगावर पडलेला भंडारा झटकायचा असतो. पिवळा दिसतो म्हणून सदऱ्यावर निळा रंग ओतला तर सदराच जातो. तुझा उजेड हा असा वरून येऊन बसलेला थर आहे. तो तेजोमेघाच्या प्रकाशात मिळवला गेला आहे, म्हणून तो वजाच करावा लागतो. व्हाइट बॅलन्स प्रत्येक रंगाला गुणतो. गुणाकाराने बेरजेची चूक सुटत नाही, कितीही दांडा सरकवा.

म्हणून क्रम पाळायचा. फ्लॅट फ्रेम्स वापरून फोटो स्टॅक करायचे, खराब कडा कापायच्या, आणि चित्र ताणून उजळण्याआधीच पार्श्वभूमीतला हा दाट-विरळ उतार काढायचा. सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर हे करतं, पिक्सइनसाइटही करतं. रिकाम्या आभाळाचा नमुना घेणारे ठिपके कुठे टाकायचे, हे मात्र माणसानेच ठरवायचं. ठिपका चुकून तेजोमेघाच्या फिक्या पदरावर पडला, तर सॉफ्टवेअर त्या पदरालाच तुझी घाण समजून पुसून टाकतं. मग रिकाम्या आभाळाचे तिन्ही रंग सारख्या पातळीवर आणायचे, आणि शेवटी ताऱ्यांवरून रंग बेतायचे. गाया या युरोपीय अवकाशयानाने दिलेल्या 2022च्या माहितीसंचात सुमारे 22 कोटी ताऱ्यांचे वर्णपट आहेत. आपल्या फोटोतले तारे त्यांच्याशी ताडून पाहिले की रंग डोळ्याच्या अंदाजावर राहत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत हौशी छायाचित्रकारांना मिळालेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे.

उरलेलं हिरवं काढायचं बटण सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते डोळे मिटून दाबतात. त्यांना हात जोडून सांगतो, थांबा. हिरवे तारे नसतात हे खरं, पण ऑक्सिजनची निळसर हिरवी प्रभा खरी आहे. मोठ्या दुर्बिणीतून मृगाच्या तेजोमेघाचा गाभा डोळ्यांनाही हिरवट दिसतो. बटण पूर्ण दाबलं तर तुझ्याबरोबर ऑक्सिजनही जातो. पार्श्वभूमी काळीकुट्ट करण्याचाही मोह नको. रात्रीचं आभाळ गडद करड्या रंगाचं ठेवलं तरच फिके पदर जगतात.

एवढं सगळं केलं की तुझी झाक जाते. यावर तू खूश होऊ नकोस. तुझा सरासरी उजेड वजा होतो, पण त्याच्याबरोबर आलेला नॉइज वजा होत नाही. पार्श्वभूमी नऊपट उजळली तर नॉइज तिप्पट होतो, आणि पूर्वीइतकं स्वच्छ चित्र मिळवायला नऊपट वेळ कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. जे एका रात्रीत व्हायचं त्याला नऊ रात्री. पावसाळा, अमावास्येभोवतीचे मोजके दिवस आणि पिकांची राखण यांतून त्या नऊ रात्री कुठून आणायच्या, हे तूच सांग.

तुझ्या आधीचे सोडियमचे दिवे आभाळ विटकरी करायचे. पण त्यांचा बराचसा प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असायचा, आणि एका फिल्टरने त्यातला मोठा भाग अडवता यायचा. 2015पासून देशभर रस्त्यांवर एलईडी आले. वीज वाचली, ते चांगलंच झालं. मात्र थंड पांढऱ्या एलईडीचा वर्णपट निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला असतो. त्याला चाळून काढणारा फिल्टर लावला तर तेजोमेघाच्या ठरावीक रेषा वाचतात, पण ताऱ्यांचे आणि निळ्या धुळीचे खरे रंग जातात.

तू एकटा नाहीस, हेही मला माहीत आहे. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या 2011 ते 2022 या काळातल्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष 2023 साली 'सायन्स'मध्ये आला: रात्रीचं आभाळ दर वर्षी सुमारे 9.6 टक्क्यांनी उजळतं आहे. या वेगाने आभाळ आठ वर्षांत दुप्पट उजळ होतं. आज शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलांना गच्चीवरून आकाशगंगा दाखवायची तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणि हे थांबवता येतं. आपल्याच महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथल्या गावांनी दिवे विझवून अंधारात राहायचं ठरवलं नाही. दिव्यांची तोंडं खाली वळवली गेली.

तुझ्याशी बोलणं इथे संपवतो, कारण तू स्वतः वळू शकत नाहीस. पुढचं गावकऱ्यांसाठी. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. दिवा काढा असं कुणी म्हणत नाही. रात्री रानातून येणाऱ्या बाया-माणसांना उजेड हवाच. झोत जमिनीकडे वळवा, वर झाकण बसवा, बल्ब 3,000 केल्विनच्या आतला पिवळसर घ्या, आणि मध्यरात्रीनंतर प्रकाश निम्मा करा. झोत खाली वळल्याने रस्त्यावर पडणारा उजेड वाढेल, मध्यरात्रीनंतर तो निम्मा केल्याने वीजबिल उतरेल. मृग मध्यरात्री माथ्यावर येतो तो डिसेंबरात. त्याआधी एवढं काम करून घ्या.