कचरा आला असन

बडनेऱ्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साधारण साडेसहाशे किलोमीटर. हे अंतर आम्ही कधी मनाला लावून घेतलं नाही. सरकारने मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवून त्या साठ्याला ‘नल-दमयंती सागर’ असं नाव दिलं, तेव्हापासून आमची सागराची हौस कागदोपत्री भागलेली आहे. अमरावती-बडनेऱ्याच्या नळाला पाणी येतं ते याच सागराचं. येतं तेव्हा.

अशा गावातल्या, जुन्या वस्तीतल्या एका दुचाकीच्या मिस्त्र्याने मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर अडलेली जेट स्की फोनवरून सुरू करून दिली, असं सांगितलं की अकोल्याचे लोक हसतात. अकोल्याचे लोक अमरावतीकडच्या कोणत्याही गोष्टीला हसतात, ते सोडा. मधला माणूस मी होतो, म्हणजे फोन माझा होता.

माझा भाचा पदवी खिशात घालून मालवणला गेला आणि एका मित्राबरोबर पर्यटकांना पाण्यावर फिरवायच्या धंद्यात पडला. नवी जेट स्की परवडेना म्हणून त्याने जुनी घेतली. टू-स्ट्रोक, दोन कार्बोरेटरवाली, रंग मुळात कोणता होता यावर दोन मतं पडतील अशी. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी होती. सप्टेंबरात बाहेर काढली तर तिने एक निराळंच तंत्र सुरू केलं. किनाऱ्यावर पहिल्या बटणाला सुरू व्हायची, ऐटीत आत जायची, आणि किनाऱ्यावरची माणसं सुपारीएवढी दिसायला लागली की घरघर करून बंद. मग बोटीने ओढून आणायची. वाळूला लागली की पुन्हा पहिल्या बटणाला सुरू! भाच्याच्या मित्राने तिला नारळ देऊन पाहिला. तो तिने घेतला.

“मामा, तुमच्या ओळखीचा कोणी टू-स्ट्रोकवाला आहे का हो?” भाच्याने फोनवर विचारलं. कोकणात तरुण पोरांना आता फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या कळतात. कार्बोरेटर म्हटलं की ते लॅपटॉप कुठे जोडायचा ते शोधतात. आणि आमच्या मिस्त्र्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या आरएक्स हंड्रेड अजून रांगेत उभ्या असतात. शिवाय लुना आहेत, आणि संत्र्याच्या बागांतले फवारणीचे पंप तर पोत्यात घालून येतात.

मिस्त्र्याने समुद्र पाहिला आहे तो मुंबईत, लोकलच्या दारातून, वांद्र्याच्या खाडीवर. पण तो डगमगला नाही. तसं कारणही नव्हतं. जेट स्कीचा मूळ कर्ता क्लेटन जेकबसन हा अमेरिकेतला वाळवंटात मोटरसायकल पळवणारा गडी. खडीवर आपटून अंग सोलून घेतल्यावर, पडायचंच तर पाण्यात का पडू नये, असं त्याच्या मनात आलं अशी गोष्ट सांगतात. १९७३ साली कावासाकीने त्याची गाडी बाजारात आणली. म्हणजे या वाहनाचा जन्मच कोरड्या मुलखातला. आमचा हक्क मालवणपेक्षा जवळचा.

फोन एअर फिल्टरच्या खोक्याला टेकवून उभा केला. दुकानासमोर जी माणसं नेहमी असतात ती सगळी जवळ सरकली. त्यांच्यातल्या एकाचीही गाडी दुरुस्तीला नव्हती. भाच्याने लक्षण सांगायला तोंड उघडलं तोच मागून एकमुखाने निदान आलं, “कचरा आला असन!” वऱ्हाडात कोणतीही गाडी कुठेही बंद पडली तरी हे निदान ठरलेलं आहे, आणि पंचाईत अशी की ते बरेचदा खरं निघतं.

“प्लग काढून पाय बरं. वल्ला हाय का कोरडा?” मिस्त्री म्हणाला.

बंद पडल्या पडल्या काढलेला प्लग कोरडा होता. म्हणजे ठिणगीचा दोष नाही, पेट्रोलच पोचत नाही. मिस्त्र्याने खालची वाटी खोलून फ्लोट बघायला सांगितलं. भाचा बराच वेळ कार्बोरेटरच्या पोटाखाली बोटं फिरवत राहिला आणि म्हणाला, “काका, याला वाटीच नाही.”

दुकानात शांतता पसरली. वाटी नसलेला कार्बोरेटर म्हणजे काय! मिस्त्र्याने क्षणभर विचार केला आणि पोत्यातला एक फवारणी पंप ओढून काढला. “हे पाय. हे पाठीवर घेऊन मानूस वाकते, वळते, कधी पडते. वाटीत पेट्रोल ठेवलं तं हिंदकाळनच ना बाप्पा. म्हनून इथी पडदा असते.” त्याला डायफ्रॅम म्हणायचं होतं. जेट स्की तर लाटेवर उताणी पडते, तिथे वाटी कशी टिकणार? शेकडो किलोमीटरवरून, न पाहिलेल्या यंत्राची रचना त्याने संत्र्याच्या बागेतून ओळखली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात पेट्रोलचे होते, त्याचेही आणि माझेही.

दुसरा फरक टाकीचा. आरएक्स हंड्रेडवर टाकी मांड्यांत असते आणि कार्बोरेटर गुडघ्याशी, त्यामुळे पेट्रोल खाली उतरायला न्यूटनखेरीज नोकर लागत नाही. जेट स्कीत टाकी खाली पोटात. तिथे छोटा पंप लागतो, आणि तो चालतो इंजिनच्याच श्वासावर. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये दाब वाढतो-उतरतो, तो एका रबरी नळीने पंपाच्या पडद्याला हलवतो. नळीला चीर गेली की पंप दमला. भाच्याने नळ्या दाबून, वाकवून, मोबाइलच्या टॉर्चने तपासल्या. त्या धड होत्या. पेट्रोल कॉकही आपल्या जुन्या स्कूटरसारखाच: बंद, चालू, रिझर्व्ह. तो रिझर्व्हवर टाकून पाहिला तर गाडी आणखी लवकर मेली. इथे मिस्त्र्याचे कान टवकारले. “रिझर्व्हची नळी टाकीच्या बुडाले असते. बुडाशी पानी हाय तुह्या. बाटलीत काढ आन् ठेव.”

कोकम सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत टाकीच्या तळचं पेट्रोल काढलं आणि भाच्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. अर्ध्या तासाने बाटलीत सरळ दोन मजले झाले. वर टू-टी तेलाच्या रंगाचं निळसर पेट्रोल, खाली बोटभर जाडीचा फिकट, ढगाळ थर, आणि मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी. हलवलं की सगळं एक, ठेवलं की पुन्हा वेगळं.

हा इथेनॉलचा प्रताप. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं उद्दिष्ट सरकारने २०३० चं होतं ते अलीकडे, २०२५ वर आणलं आणि गाठलं. विदर्भात मुदतीआधी पूर्ण झालेली योजना आम्ही प्रथमच पाहिली, तीही टाकीत. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. त्याला सोसेल त्याहून जास्त पाणी झालं की पेट्रोलशी काडीमोड घेऊन पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. इथेनॉल मक्याचं आणि तांदळाचंही होतं हे मला ठाऊक आहे. पण वऱ्हाडी माणसाला त्यात फक्त पाणी पिणारा ऊस दिसतो. सिंचनाच्या अनुशेषावर वाद घालण्यात आमच्या पिढ्या गेल्या. आणि हा पठ्ठ्या चरकातून पिळून, आंबवून, डिस्टिल करून झाल्यावरही पाणी ओढायचं काही सोडत नाही! दुकानासमोरच्या मंडळींचं यावर तत्काळ एकमत झालं आणि वेगळ्या विदर्भाची चर्चा सुरू होऊन मूळ विषय काही काळ बाजूला पडला.

तोवर मिस्त्र्याला काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्ये विरघळतं, त्या खालच्या थरात नाही. लिटरला वीस मिलि तेल इमानदारीने घातलं तरी इंजिनाने तळातलं ओढलं तर ते कोरडंच फिरणार, म्हणजे पिस्टन जाम. त्याने टाकी पूर्ण रिकामी करायला लावली, आणि बटण दाबण्याआधी सीट काढून पोटातली हवा निघून जाऊ द्यायला सांगितलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बंद पोटात ती तळाशी साचून राहते. हे सांगताना स्वतःच्या ओठांतली बिडी मात्र त्याने काढली नाही. बडनेऱ्यात हवा मोकळी आहे.

नवं पेट्रोल घातलं. गाडी मऊ आवाजात सुरू झाली, आत गेली, आणि माणसं सुपारीएवढी दिसायला लागताच बंद पडली.

“किनाऱ्यावर आनल्यावर तू पयले काय करतं?” मिस्त्र्याने विचारलं.

“काही नाही. झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघतो.”

“पान्यात असताना काऊन नाई पाहत?”

“लाटेचं पाणी जाईल ना आत.”

मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. “आता झाकन उघड. फोन जवळ धर.”

भाच्याने फोन टाकीच्या तोंडाशी नेला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावरची ती ‘फुस्स’ बडनेऱ्यात, मागून जाणाऱ्या मालगाडीच्या आवाजातही, स्पष्ट ऐकू आली.

पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पंप कितीही ओढो, थेंब सुटत नाही. जेट स्कीत या हवेच्या नळीवर एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, गाडी उलटली तरी पेट्रोल सांडू नये म्हणून. एका बाजूने फुंकर जायला हवी, दुसऱ्या बाजूने नको. भाच्याने काढून फुंकलं तर दोन्ही बाजूंनी बंद. आत खारट हवेची पांढरी खपली.

“म्हनलं होतं ना, कचरा आला असन,” मागून आवाज आला.

नवा व्हॉल्व्ह बसल्यावर जेट स्की संध्याकाळपर्यंत पाण्यावर होती. भाच्याने मिस्त्र्याला पैसे पाठवले, वर तारकर्लीला येण्याचं आमंत्रण दिलं; राहणं, मासे, जेट स्कीवर हवे तेवढे फेरे, सगळं फुकट. मी तिकिटं काढायच्या गोष्टी बोलू लागलो. मिस्त्री एका लुनाचं पेडल फिरवत राहिला.

“नोको भाऊ,” तो म्हणाला. “हे रस्त्यात बंद पडली तं मानूस ढकलत तरी आनते.”