मांडी चोळायची नाही!

नातवाला दीड महिन्याची लस टोचून घरी आणलं, तेव्हा तो एकटाच झोपला होता. बाकी घर सावध. पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब, अशा पाच जणांसाठी एकच सुई. आमच्याकडे त्या एका सुईवर पाच मतं निघाली.

"मांडी शेकायला हवी," ही. "सिस्टर म्हणाल्या, चोळायचं नाही, शेकायचं नाही; गार पाण्याची घडी ठेवा," सूनबाई. शेजारच्या काकू बटाट्याची चकती घेऊनच आल्या. मी बटाट्याच्या बाजूने होतो, कारण उरलेल्याची भजी झाली असती.

संध्याकाळी ताप चढला. मुलाने लगेच लॅपटॉपवर तक्ता उघडला. सूनबाईंनी डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेलं पॅरासिटामॉल काढलं आणि बाटली ड्रॉप्सची की सिरपची हे दिव्याखाली धरून वाचलं. ते योग्यच, ड्रॉप्समध्ये औषध कितीतरी दाट असतं, चमच्याने मोजायची ती चीज नव्हे.

"ताप आला म्हणजे लस लागू पडली," हिने निकाल दिला.

"मग ती महागडी, न दुखणारी लस घेतात त्यांना ताप कमी येतो. त्यांना लागू पडत नाही की काय?" मी विचारलं. साध्या लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, महागडीत त्याचे निवडक तुकडे, म्हणून ताप कमी. एवढं मी वाचून ठेवलं होतं. सांगायची संधी मिळाली नाही. ही मीठ-मोहऱ्या आणायला गेली होती.

त्यातच डाव्या दंडावर फोड सापडला! आता मांडी सोडून सगळे दंडाकडे. तो जन्मतःच दिलेल्या बीसीजीचा; पिकतो, फुटतो, खपली धरतो, व्रण ठेवून जातो, त्याला काही लावायचं नसतं. हळदीची वाटी परत गेली.

दोन दिवसांत पोरगं हसायला लागलं.

नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस मात्र कावेबाज. टोचली तेव्हा काहीच नाही. आठवडा उलटला, सगळे विसरले, आणि मग ताप, अंगावर बारीक पुरळ. आदल्या दिवशी मी त्याला बोटभर श्रीखंड चाटवलेलं काकूंनी पाहिलं होतं. खटला उभा राहिला. डॉक्टरांनी तारीख बघून सांगितलं, की या लशीचा ताप असाच उशिरा येतो.

मी निर्दोष सुटलो. श्रीखंडाचा डबा मात्र अजून जप्तीतच आहे.