खोडेरावांस अनावृत पत्र

श्रीमान खोडेराव,
मुक्काम : जनावरांच्या सरकारी दवाखान्यासमोरचे पटांगण,
जिल्हा अहिल्यानगर.



पत्र लिहिण्यास कारण की, गावात तुमच्या नावाने कुजबूज सुरू आहे. "दवाखान्यात नेली आणि गाय लाळायला लागली." "लस टोचून आणलं आणि चौथ्या दिवशी पिल्लू गेलं." पारावर बसून लोक असं बोलतात. तुम्ही म्हणजे जनावर जखडायचा खोडा: चार उभे लोखंडी पाइप आणि दोन-तीन आडव्या दांड्या. एवढ्याच भांडवलावर तुम्ही अख्ख्या शिवाराचं पशुधन झेललंत, लाथा खाल्ल्या, शिंगं खाल्ली, आणि शेवटी पदरात काय, तर हा आळ. तुमची बाजू मांडणारं कोणीतरी हवं, म्हणून हा खटाटोप.

आधी गौरव. समतेवरची भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली, ती आचरणारे तुम्ही एकटेच. सकाळी ढाळ लागलेली जर्सी कालवड तुमच्यात उभी राहते. ती निघाली की तिच्याच जागेवर, तिच्याच शेणात पाय देऊन, सरपंचांची होल्स्टिन. मग भरवायला आणलेली गावरान गाय. मग पाय नीट टेकता न येणारी एखादी म्हातारी म्हैस. मग संगमनेरी शेळी. ती तुमच्यात मावूनही जागा उरते, म्हणून मालक तिला आडव्या दांडीला बांधतो आणि ती दांडी चाटत बसते. एवढ्यात बुलेटच्या टाकीवर बसून लॅब्राडॉरचं पिल्लू येतं. त्याला खोड्याची गरज नसते, म्हणून ते थेट तुमच्या पायाशी. तिथं ते काय काय हुंगतं, हे तुम्ही रोज पाहता आणि ब्र काढत नाही. अशी सहनशीलता हल्ली दिसत नाही.

तुमच्या पुढच्या दांडीचं मला विशेष कौतुक. जनावराची मान जिथं टेकते, तिथला रंग कधीच उडाला आहे आणि लोखंड घासून घासून गुळगुळीत झालं आहे. त्या चकाकीवर वाळलेल्या लाळेचा पांढुरका पापुद्रा आहे. त्याखाली जुना पापुद्रा, त्याखाली आणखी जुना. खाली कोब्याच्या भेगेत शेण-मूत मुरलेलं, आणि त्यातून वाट काढत रक्त पिऊन टम्म झालेली एक गोचीड संथपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघालेली. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या नव्या झाल्या, कागदांवरचे शिक्के नवे झाले. तुमची दांडी मात्र कोणी ओल्या फडक्यानं पुसली नाही. वारसा जपावा तो असा.

आता आळाबद्दल. तुमचा वकील म्हणून सांगतो, तो अगदीच खोटा नाही. लाळ-खुरकताचा विषाणू लाळेत असतो, खुरांच्या फोडांत असतो, आणि जनावर लाळायला लागण्याआधीच बाहेर पडू लागतो. तो दांडीवरून जातो, दाव्यावरून जातो, मालकाच्या चपलेवरून जातो, आणि कोणाला राग येऊ नये, डॉक्टरांच्या गमबुटावरूनही जातो. त्याला तुमच्यासारखाच भेदभाव ठाऊक नाही, दोन खुरांचं जनावर म्हटलं की झालं. कुत्र्यांचा पार्व्हो त्याहून चिवट. 1978 च्या सुमारास तो जगाला ठाऊक झाला आणि तेव्हापासून कुठूनही हललेला नाही. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो जमिनीवर येतो आणि महिनोन्‌महिने तिथंच दबा धरून बसतो. आपण मोठ्या विश्वासानं ओततो ते फिनेल त्याला काही करत नाही. वास येतो, आपलं समाधान होतं, पार्व्होचं काही बिघडत नाही. मांजरांचाही याच कुळातला एक आजार आहे, तोही तितकाच चिवट.

"चौथ्या दिवशी गेलं" या तक्रारीच्या मात्र खोलात शिरायला हवं. पार्व्हो अंगात शिरल्यापासून उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे लसीनंतर चौथ्या दिवशी गेलेल्या पिल्लानं आजार घरच्या अंगणातून आणलेला असू शकतो, किंवा टोचायला रांगेत थांबलं तेव्हा तुमच्या पायाशी उचललेला असू शकतो. लसीनं मात्र मारलं नाही. आईच्या चिकातून मिळालेली ताकद उतरत असते आणि लसीची अजून चढलेली नसते, असे काही आठवडे प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येतात. म्हणून तर सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचायला बोलावतात. नेमक्या त्याच आठवड्यांत आपण पिल्लाला दवाखान्यात नेतो, कौतुकानं खाली सोडतो, आणि शेजारच्या सलाइन लावलेल्या पिल्लाची चौकशी करायला जातो. "काय झालंय हो याला?" "पार्व्हो." "अरे अरे." आणि त्याच हातानं आपल्या पिल्लाच्या डोक्यावरून हात.

खोडेराव, 2022 आठवतं? ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी सापडला आणि बघता बघता आपल्याकडं आला. गाईंच्या अंगावर गाठी, पायाला सूज, दूध आटलेलं. राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. घोडेगाव, लोणी, काष्टीचे बाजार ओस पडले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला पथकं गावोगाव फिरू लागली. तो रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यावाटे पसरतो, पण सुईला तो परका नाही. म्हणून सूचना होती की दर जनावराला नवी सुई. बहुतेकांनी पाळली. जिथं पाळली गेली नाही, तिथं पंगतीत मठ्ठा फिरावा तशी एकच सुई ओळीनं फिरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुठं, ते सांगत नाही. सरकारनं नंतर मेलेल्या दुधाळ गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये भरपाई जाहीर केली. सुई काही रुपयांना मिळते. हा हिशेब तुमच्यासारख्या लोखंडालाही जमावा.

पण या सगळ्यावर आमच्या लोकांनी काढलेला तोडगा ऐका. दवाखान्यात रोग लागतो ना? मग दवाखान्यात जायचंच नाही! लाळ-खुरकताची फुकट लस घेऊन पथक दारात आलं तरी "दूध घटतं" म्हणून गाय मागच्या दारानं रानात. केंद्र सरकारनं 2019 साली त्यासाठी देशभर मोहीम उघडली, कानात बारा आकडी बिल्ले मारले. बिल्ला कानात असतो, गाय उसात असते. कुत्र्याची रेबीजची लसही दवाखान्याच्या याच भीतीपोटी राहते, आणि रेबीजची लक्षणं दिसल्यावर ना कुत्रं वाचत, ना माणूस. खोड्याला भिणारे हेच शूर वीर बाजारच्या दिवशी, लाळणारी गाय "जरा तोंड आलंय" म्हणत टेम्पोत घालून शंभर जनावरांच्या गर्दीत उभी करतात. तिथं रोग लागण्याची भीती कोणालाच नसते, कारण तिथं रोग आपला असतो आणि लागणार दुसऱ्याला असतो.

ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ-खुरकत उसळलं तेव्हा गोठ्यांच्या फाटकांसमोर जंतुनाशकात भिजवलेला पेंढा अंथरला होता. येणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक बूट त्यावरून. तरी 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. आपल्याकडं तेवढं मारणं कोणी मनातही आणणार नाही, ते बरंच आहे. पण मग पेंढा तरी भिजवावा की नाही? आमच्याकडं फाटकाशी भिजलेलं काही दिसलंच तर ती पानाची पिचकारी असते.

तुमच्या मालकांना, म्हणजे पशुसंवर्धन खात्याला, काही सांगायचं तर ते फार महाग नाही. लाळ-खुरकताच्या विषाणूला धुण्याचा सोडा पुरतो: दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम. खायचा सोडा नव्हे. पार्व्होला ब्लीच लागतं, एक भागाला तीस भाग पाणी, पण आधी शेण-घाण खरवडून काढायची, नाहीतर ब्लीच त्या शेणातच खर्च होतं. एक बादली, एक खराटा, आणि बादली उचलणारं एक माणूस. खरा अडथळा या शेवटच्या जिनसेचा आहे. एकेका डॉक्टरकडं चार-पाच गावं, शिपायाची जागा रिकामी, आणि डॉक्टर अर्धा दिवस कुठला तरी अहवाल भरण्यात. त्या माणसानं सुई बदलायची, गाय भरवायची, ॲपमध्ये बिल्ल्याचे बारा आकडे टाकायचे आणि वर तुम्हांला आंघोळही घालायची? मी डॉक्टरांना दोष देत नाही. दोष देणं सोपं आहे, बादली भरणं अवघड, म्हणून गावात पहिलं काम जोरात चालतं. ग्रामपंचायतीनं पाण्याचा एक नळ खोड्यापाशी ओढला तर पुढच्या निवडणुकीत मी स्वतः त्यांचा फलक धरून उभा राहीन.

आणि आम्ही मालकांनी काय करावं? ढाळ किंवा लाळ सुरू असलेलं जनावर थेट पटांगणात न आणता आधी फोन करावा. पिल्लू खाली सोडू नये, मांडीवर किंवा पिशवीत ठेवावं. लोक हसतात, हसू द्यावं. निरोगी जनावराला लस आजारी जनावरांच्या आधी मिळेल अशी वेळ मागून घ्यावी. डॉक्टरांना "साहेब, सुई नवी ना?" असं विचारायला लाजू नये. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. घरी आल्यावर आपली चप्पल गोठ्याबाहेर काढावी. देवळाबाहेर काढतोच की, तिथं तर चोरीला जायची भीतीही असते.

तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी कोणी तुम्हांला नावं ठेवत तुमच्याच दांडीला टेकून तंबाखू मळत उभा राहिला, तर थोडं हला. गंजलेले आहात, आवाज होईल.

कळावे, लोभ असावा, लाळ नसावी.

आपला,
एक गाय, एक कालवड आणि एका बिनलसीच्या पिल्लाचा मालक

ता. क. : राज्यातल्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल-फ्री नंबर 1962 आहे. फोन उचलला गेला तर आजारी गाईला तुमच्यापर्यंत चालवत आणावं लागत नाही.