मुनीम सापडला. कळावे.

वाचनालयातून पुस्तक बदलून तुम्ही पायऱ्या उतरता आणि बाकावरून एक हात पुढं येतो. "बघू, काय घेतलंय?" तुम्ही भिडेखातर पुस्तक त्या हातात देता. बोटाला थुंकी लावून पाच-सहा पानं चाळली जातात, पुस्तक परत मिळतं आणि जाता जाता तुमच्या आठवड्याभराच्या आनंदाचा एका वाक्यात खून पडतो. हे गृहस्थ तुमच्याही गावात असणारच. आमच्या सेलूत ते काका आहेत आणि त्यांचं वाक्य ठरलेलं आहे : "मुनीम असतोय बघ."

बाबुराव अर्नाळकर घ्या, मुनीम असतोय. गुरुनाथ नाईक घ्या, मुनीमच असतोय. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास कोर्टात उभा राहून कितीही घाम गाळो, काका बाकावर बसून आरोपी आधीच आत टाकून मोकळे. लहानपणी आम्हाला खरोखर वाटायचं, मुंबईत खून करायला स्वतंत्र मुनीम ठेवत असावेत.

आता यात काकांचा एकट्याचा दोष नाही. सेलूत रहस्यकथांना शेवटचं पान कधी नव्हतंच. अर्नाळकर आणि नाईक, दोघंही हजार पुस्तकांच्या पुढे गेलेले लेखक. पण त्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांचा कागद असा, की अर्नाळकरांच्या झुंजारनं पिस्तूल रोखलं की पान गळून पडायचं. शिवाय पुस्तक घरोघर फिरायचं. एखाद्या घरी शेवटच्या पानात जिऱ्याची पुडी बांधली जायची, एखाद्या घरी त्याचं विमान व्हायचं. वाचनालयाचे ग्रंथपाल पुस्तक बांधायला टाकत, तर बांधणारा पुठ्ठा चढवून, कापडी पट्टी लावून, उरलेली पानं हिशेबात न धरता परत करी. नाईकांचा कॅप्टन दीप गुन्हेगाराचा बुरखा ओढायला हात पुढे करतो आणि पुढे थेट वाचनालयाचा शिक्का.

ही तूट काकांनी भरून काढली. नुसती तोंडानं नाही, लेखी. अडत दुकानात शेतकऱ्याला द्यायच्या पट्ट्या असतात ना, माल किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता देणे किती, त्यांच्या कोऱ्या पाठीवर काका शेवट लिहीत आणि तो डिंकानं पुस्तकाला चिकटवत. अक्षर मोत्यासारखं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. मजकूरही ठरलेला. पात्रांची नावं तेवढी बदलायची : "येणेप्रमाणे तपास पूर्ण झाला असून सदर खून मुनीमाने केल्याचे सिद्ध झाले. सबब मुनीमास ताब्यात घेतले. नायक-नायिकेचे लग्न झाले. कळावे." खाली सही नाही. काकांनी कधी स्वतःला लेखक म्हणवलं नाही. लेखक म्हणवणाऱ्या काही लोकांनी एवढं पथ्य पाळलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

शेवट गाठायची त्यांची पद्धतही होती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं दोन रकाने. एक जमा, एक नावे. खुनामुळे ज्याचा फायदा झाला तो जमेला, ज्याचं नुकसान झालं तो नावे. पुतण्याला इस्टेट मिळाली, जमा. विधवा रस्त्यावर आली, नावे. डॉक्टर, वकील, मोलकरीण, माळी, सगळ्यांच्या नोंदी. आणि खाली ताळा. "ज्याच्या जमेला काही न्हाई आन् नावेला बी काही न्हाई, त्यो कोण?" काका विचारत. आम्ही गप्प. "आरं, घरात रोज येतोय, तिजोरीची किल्ली कुठं ते त्याला ठावं, मालकाचं कुणासंगं वाकडं ते त्याला ठावं, आन् त्याचं नाव हिशेबात कुठंच न्हाई. त्योच की." युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच, की पुष्कळदा पुस्तकात मुनीम नसायचाच. "नसायला काय झालं? लेखकानं दाखवला न्हाई. मालक बी दाखवत न्हाईत."

रहस्यकथेपुरतं हे थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण काका सर्वभक्षी. 'मृत्युंजय' त्यांनी किती वेळा वाचलं याची नोंद वाचनालयाच्या देवघेव रजिस्टरातच शोधावी लागेल. १९६७ साली शिवाजी सावंतांची ही कादंबरी आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. काकांच्या मते दोन्हींत महत्त्वाचं काय, हे विचारायचं कारण नाही. व्यासांचं महाभारत त्यांनी वाचलेलं नाही, वाचायची गरजही वाटत नाही. सावंतांच्या कर्णाचा धाकटा भाऊ शोण त्यात एका भागाचं निवेदन करतो; व्यासांकडे काही त्याला असा मान नाही. एकदा श्रावणात कीर्तनकार बुवा कर्णवधावर रंगात आले होते. समोर बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि मधूनच काकांचा आवाज आला, "महाराज, सगळं खरं, पण शोणाचं कामून सांगंनात?" बुवांनी टाळ थांबवले. काकांनी पुढचा अर्धा तास बुवांना शोण समजावून सांगितला. बुवांनी पुढच्या वर्षी रुक्मिणीस्वयंवर लावलं.

आणि महाभारतात मुनीम कोण? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, अडकतील म्हणून. काकांनी तपकिरीची डबीसुद्धा खाली ठेवली नाही. "संजय." का? "मालक आंधळा. अठरा दिवस रोजच्या रोज हिशेब कोण सांगायलंय? आज इतके गेले, उद्या तितके. रोजकीर्द हाय ती. आन् सगळे मेले, ह्यो जित्ता. इच्चार कर." मी विचार केला. अजून करतोय. गीतेच्या पहिल्या श्लोकाला बसलो की मला धोतर-टोपी घालून, कानावर पेन्सिल खोचून बसलेला संजय दिसतो, आणि त्याबद्दल मी काकांना क्षमा करणार नाही.

'ययाति'चं तसंच. खांडेकरांना त्या कादंबरीवर १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. काकांनी मात्र पुस्तक मिटलं आणि निकाल दिला : पोरानं बापाला तारुण्य उसनं दिलं, ना मुदत लिहिली, ना व्याज, ना साक्षीदार. "मुनीम ठेवला न्हाई की असं होतंय."

कुणीतरी त्यांना सांगितलं, की मराठीतली पहिली कादंबरी म्हणजे बाबा पदमनजींचं १८५७चं 'यमुनापर्यटन'. काकांनी ती मागवून घेतली. एका ख्रिस्ती झालेल्या माणसानं विधवांचे हाल सांगण्यासाठी लिहिलेलं ते पुस्तक. बायबलाची वचनं काकांनी आमच्या हरिपाठाइतक्याच आदरानं, ओठ हलवत वाचली. धर्माबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. "यमुनीचा नवरा मधीच मेला, आन् पुढं चौकशीच न्हाई? न पंचनामा, न काही! पहिली कादंबरी म्हणून सोडायलाव."

प्रेमकथांचं प्रकरण जरा नाजूक आहे. चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं काका घरी नेत ती 'मराठवाडा'च्या अंकात गुंडाळून. काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली काकोडकर सुटले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' लागला आणि सगळ्या देशानं तो डोळे भरून पाहिला. पण वर्तमानपत्रात गुंडाळायची काकांची सवय काही न्यायालयाच्या निकालानं गेली नाही. काकूंना वाचता येत नव्हतं. रात्री जेवणं झाली, की काका कंदिलाशी बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. नायक नायिकेचा हात हातात घेई, इथवर वाचन सुरळीत चाले. मग काका खाकरत आणि म्हणत, "हितलं पान फाटलंय." पुढचं वाक्य थेट मंगलाष्टकांचं. काकूंनी हे कैक वर्षं ऐकून घेतलं. एकदा मला ताकाचा पेला देताना म्हणाल्या, "चांगली पानं असली की नेमकी फाटत्यात बघ ह्यांच्याकडं. मुनीमाची येक बी फाटत न्हाई."

मीही फार सोसलंय. माझ्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, तर बातमी कुणी फोडली याचा शोध काकांनी लावला (मुलाकडच्यांचा मुनीम, त्यांच्याकडे मुनीम नव्हता, मास्तर होते). २०२०च्या जानेवारीत पाथरी की शिर्डी हा साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद पेटला, शिर्डीनं एक दिवस बंद पाळला, तेव्हा तर काकांना पर्वणीच. रहस्यही आणि पुराणही, तेही तालुक्याच्या उंबऱ्याशी. दासगणू महाराजांनी बाबांचे गुरू म्हणून ज्यांचं नाव लिहिलं ते गोपाळराव देशमुख तर आमच्या सेलूचेच, म्हणजे तपासाचा हक्कही आमचा. काकांनी महिनाभर बाकावर सुनावणी घेतली. निष्कर्ष तुम्ही ओळखला असेल : देशमुखांच्या वाड्यावर मुनीम असणारच, त्याच्या वहीत नोंद असणारच, ती वही तेवढी सापडायला पाहिजे.

आता एक सांगायचं राहिलं. काका स्वतः मुनीम. सेलूच्या मोंढ्यात अडतीवर उभी हयात गेली. कापूस, ज्वारी, तूर, पुढे सोयाबीन. गादीवर मालक तक्क्याला रेलून आणि खाली तिरप्या डेस्कापुढं मांडी घालून काका.

पुण्यात आल्यावर फूटपाथवर मला त्या रहस्यकथांतलंच एक पुस्तक अखंड मिळालं, शेवटच्या पानासकट. लहानपणी मी ते काकांच्या शेवटासह वाचलेलं. खोलीवर जाऊन वाचलं. खुनी पुतण्याच होता. मुनीम अख्ख्या पुस्तकात नव्हता. इतका पचका कधी झाला नव्हता. पुतण्या खुनी, यात कसलं आलंय रहस्य! तरी विजयाच्या थाटात सेलूला फोन लावला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग ती प्रत खोटी असंल," म्हणाले. "मुंबईवाल्यांनी मागून छापली असंल."

पुढच्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन गेलो. काका बाकावर नव्हते, घरी पडून होते, गुडघे धरलेले. शेवटचं पान त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं, दोनदा वाचलं. मग जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. ते आधी ज्या अडतीवर होते ती एका दुष्काळी साली बुडाली. मालक एका रात्रीत कुटुंबासह गाव सोडून गेला, शेतकऱ्यांचे पैसे तसेच. सकाळी लोकांनी दुकानाच्या ओट्यावर गचांडी धरली ती मुनीमाची. दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. वह्या मांडीवर होत्या, त्यांत पैन् पैचा ताळा होता, संध्याकाळी सोडून दिलं. मालक वर्षभरानं दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं पुन्हा गादीवर बसला. त्याला कुणी काही विचारलं नाही. इकडं काकांकडे गावातले काही लोक पुढे कैक दिवस त्याच नजरेनं बघत.

"नाहीतरी नाव मुनीमाचंच येतंय," काका म्हणाले. "मग येकदा केल्यालं तरी असावं म्हणलं."

मला काही सुचेना. म्हणून मी बी. रघुनाथांचा विषय काढला. सातोना काही सेलूहून लांब नाही, तिथला हा माणूस, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता 'बाबू दडके', 'आडगावचे चौधरी' लिहून गेला, १९५३ साली चाळिशीतच वारला. काकांनी त्याच्या एकाही पुस्तकाला कधी शेवट चिकटवला नव्हता. का, ते विचारलं. "त्याचं बरूबर असतंय," एवढंच म्हणाले. मराठवाड्यातल्या एवढ्या मोठ्या लेखकाला यापेक्षा भारी प्रमाणपत्र कुणी दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

काका आता पुन्हा बाकावर यायला लागलेत, काठी घेऊन. मोंढ्यात पट्ट्या संगणकावर निघतात. त्यांची पाठही कोरी असते, तेवढंच समाधान. आमच्या वाचनालयातून रहस्यकथा नेणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही आणि कपाटात नव्या आलेल्या नाहीत. तेव्हा तुमच्या माळ्यावर अर्नाळकर, नाईक, शिरवळकर धूळ खात पडले असतील तर ते रद्दीत घालू नका, सेलूच्या वाचनालयाला भेट द्या. फक्त पाठवताना शेवटचं पान तेवढं फाडून घ्या.